उभ्या नावेची बॅटरी आणि लहान सोलर पॅनेल : रोजच्या जमाखर्चाचा एक धडा



वर्गात मी 'तारिणी'ची गोष्ट सांगत होते. भारतीय नौदलाची ही शिडाची नाव गोव्यात बांधलेली, लांबी साधारण ५५ फूट. १० सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी या नावेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २१ मे २०१८ ला परत आल्या. त्याआधी २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' नावेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढं २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच 'म्हादेई'तून वाटेत कुठेही न थांबता तोच पराक्रम केला.

मुलं एकदम शांत ऐकत होती. आमच्या विश्रांतवाडी-दिघी-धानोरी भागात लष्करातली घरं बरीच, त्यामुळे असल्या गोष्टींना वर्गात नेहमीच कान टवकारलेले असतात. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, नाव वाऱ्यावर चालते ना? मग मोबाईल चार्जिंगला कुठे लावत असतील?"

सगळा वर्ग हसला. मी मात्र हसले नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. वारा शीड फुगवतो, नाव पुढं ढकलतो. पण दिवा, रेडिओ, जीपीएस, सॅटेलाईट फोन यांना वारा चालत नाही, त्यांना वीज लागते. त्या एका प्रश्नातून आमचे पुढचे तीन-चार तास रंगले आणि शाळेच्या गच्चीवर एक प्रयोगही झाला. तो सगळा धडा इथं मांडते आहे. विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात वापरता येईल आणि पालकांना घरच्या स्कूटरसाठीही उपयोगी पडेल.

शिडाच्या नावेला बॅटरी कशाला?

खडकवासल्याच्या जलाशयात एनडीएचे छात्र ज्या लहान शिडाच्या होड्या चालवतात, त्यांत बॅटरी नसते. शीड, सुकाणू आणि चालवणारा, संपलं. संध्याकाळी होडी काठावर ओढून ठेवायची.

पण जी नाव रात्री पाण्यावर राहते, तिला बॅटरी लागतेच. नांगर टाकून उभं असताना रात्री दिवा लावावा लागतो, नाहीतर दुसरी बोट येऊन आदळेल. बोलायला रेडिओ लागतो. बंदरात शिरताना लागणारं छोटं डिझेल इंजिन सुरू करायलाही बॅटरीच लागते. आणि मुलांना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नावेच्या तळात साचणारं पाणी बाहेर फेकणारा पंप. आपल्या सोसायटीच्या टाकीत जसा फ्लोट असतो, तसाच फ्लोट या पंपालाही असतो. पाणी वाढलं की फ्लोट वर येतो, पंप आपोआप सुरू होतो. पाणी कमी झालं की बंद. नावेवर कुणी नसलं तरी हा पंप पहारा देत असतो. फक्त एक अट आहे, बॅटरीत जीव पाहिजे.

म्हणजे बॅटरी उतरली तर नुसता दिवा जातो असं नाही. पंप थांबतो, तळात पाणी चढत जातं आणि एखाद्या सकाळी मालक धक्क्यावर येतो तेव्हा नाव अर्धी पाण्याखाली गेलेली असते. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्गातलं हसू थांबलं.

प्रवासात असलेल्या नावेत इंजिन चालवलं की त्याला जोडलेला अल्टरनेटर बॅटरी भरतो, जसा आपल्या चारचाकीत भरतो तसाच. त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. पण त्यासाठी डिझेल जाळावं लागतं. शिवाय नाव नुसती नांगरावर उभी असेल तर इंजिन चालवणार कोण? उभ्या नावेची बॅटरी भरलेली ठेवायला एक लहानसं सोलर पॅनेल पुरतं का, हा आपला आजचा प्रश्न.

न वापरता बॅटरी का उतरते?

२०२० चा लॉकडाऊन आठवा. माझी स्कूटर मार्चपासून इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी होती. जूनमध्ये चावी फिरवली तर नुसतं 'टिक' असा आवाज. किक मारून मारून पाय दुखला. शेवटी बॅटरीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, वापरली नाही म्हणूनच गेली." मला तेव्हा राग आला होता. वस्तू वापरली की झिजते. न वापरता कशी जाईल? पण त्याचं म्हणणं खरं होतं.

आपल्या गाडीतली आणि बहुतेक नावांमधली बॅटरी शिसे-आम्ल प्रकारची असते. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेली ही जात आजही टिकून आहे. आत एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची आणि मध्ये पातळ केलेलं सल्फ्युरिक आम्ल. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होतं आणि आम्ल पाणचट होत जातं. चार्जिंग केलं की हीच क्रिया उलटी होते.

अडचण अशी, की आपण बाहेरचं बटण बंद केलं तरी आतल्या रसायनांना बटण नसतं. हीच क्रिया आतल्या आत अगदी हळूहळू चालूच राहते. याला स्वविसर्जन म्हणतात. चांगल्या स्थितीतली साधी बॅटरी २५-३० अंश तापमानात महिन्याला साधारण ५ टक्के उतरते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळजवळ दुप्पट होतो. जुनी बॅटरी याहूनही जास्त गळते.

बरं, उतरली तर परत भरू, त्यात काय? तर तसंही नाही. लेड सल्फेट ताजं असताना बारीक, मऊ असतं आणि चार्जिंगमध्ये विरघळतं. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट रिकामी राहिली की त्याचे मोठे, टणक स्फटिक होतात. ते परत विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. गुळाची ढेप ताजी असताना बोटानं फुटते, वर्षभर राहिली की वरवंटा लागतो, तसंच काहीसं.

म्हणून बॅटरीच्या बाबतीत नियम लक्षात ठेवायचा : रिकामी करून भरण्यापेक्षा भरलेली राखणं महत्त्वाचं. लहान सोलर पॅनेलचं काम नेमकं एवढंच आहे.

आधी खर्च मोजू या

मुलांना मी सांगितलं, आपण नावेचा जमाखर्च मांडू. जशी आई घरखर्चाची वही लिहिते तशी. फक्त रुपयांच्या जागी ॲम्पिअर-तास, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत 'एएच'. १ ॲम्पिअर प्रवाह १ तास वाहिला की १ एएच खर्च झाला.

समजा, आपल्या नावेत १२ व्होल्टची १०० एएच बॅटरी आहे आणि नाव नांगरावर उभी आहे, वर कुणी नाही. रोजचा खर्च :

- स्वविसर्जन : महिन्याला ५ टक्के म्हणजे ५ एएच, दिवसाला ०.१७. आपल्याकडच्या उन्हातल्या बंद नावेत उकाडा जास्त, म्हणून ०.३ धरू.
- घड्याळ, रेडिओची मेमरी, फ्लोटचा छोटा दिवा : मिळून १० मिलिॲम्पिअर. ०.०१ × २४ = ०.२४ एएच.
- पंप, कोरड्या दिवसात : थोडंफार पाझरणारं पाणी उपसायला ०.१ एएच.

एकूण झाले ०.६४, सोयीसाठी ०.६५ एएच.

आता पावसाळ्यातला दिवस घेऊ. समजा, नावेच्या २ चौरस मीटर उघड्या जागेतून पाणी आत जातं आणि दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला. कोकणात जुलैत असे दिवस येतात. मुलांनो, किती लिटर? २ चौरस मीटर गुणिले ०.१ मीटर म्हणजे ०.२ घनमीटर, म्हणजे २०० लिटर! घरातला मोठा निळा पिंप भरेल एवढं पाणी. मिनिटाला १५ लिटर फेकणारा छोटा पंप ते साधारण पाव तासात काढेल. पंपाला २ ॲम्पिअर लागतात असं धरलं तर २ × ०.२५ = ०.५ एएच. म्हणजे मुसळधार पावसाच्या दिवशी एकूण खर्च साधारण १.०५ एएच.

इथं मुलांना धक्का बसला. त्यांना वाटलं होतं पंप खूप खाईल. पंप खातो खरा, पण थोडाच वेळ. स्वविसर्जन कणाकणानं खातं, पण चोवीस तास.

आता पॅनेल नाही असं समजा. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे १२० दिवस. रोज १.०५ प्रमाणे १२६ एएच लागतील आणि बॅटरीच मुळी १०० ची! दीड महिना उलटला की ती निम्म्यावर येते आणि स्फटिक टणक व्हायला लागतात. चौथ्या महिन्यात नाव रामभरोसे.

आता जमा किती?

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा धडा आहे. त्यात सौर घटाची माहिती आहे : सिलिकॉनच्या १ चौरस सेंटिमीटर घटापासून सुमारे ३० मिलिॲम्पिअर प्रवाह आणि ०.५ व्होल्ट विभवांतर मिळतं. पाठ करून घेण्यापेक्षा याच दोन आकड्यांवरून मुलांकडून पॅनेल 'बांधून' घ्या.

१० वॅटच्या लहान पॅनेलमध्ये साधारणपणे ३६ घट एकसरीत जोडलेले असतात. एकसरीत व्होल्ट वाढतात : ३६ × ०.५ = १८ व्होल्ट. प्रवाह मात्र एका घटाचाच राहतो. प्रत्येक तुकडा सुमारे १९ चौरस सेंटिमीटरचा असेल तर १९ × ३० = ५७० मिलिॲम्पिअर, म्हणजे ०.५७ ॲम्पिअर. आणि १८ × ०.५७ म्हणजे जवळजवळ १० वॅट. पुस्तकातल्या दोन आकड्यांवरून बाजारातलं पॅनेल तयार!

इथं हमखास प्रश्न येतो : "बॅटरी १२ व्होल्टची, मग पॅनेल १८ चं कशाला?" उत्तर सोपं आहे. गच्चीवरची टाकी नळापेक्षा उंच असल्याशिवाय नळाला पाणी येत नाही. बॅटरी पूर्ण भरायला तिच्या टोकांवर १४ व्होल्टच्या वर जावं लागतं. त्यात उन्हात तापलेल्या पॅनेलचे व्होल्ट उतरतात. पॅनेलची क्षमता मोजतात ती घट २५ अंशांवर असताना. एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवलेल्या काळ्या पॅनेलला हात लावून बघा, चटका बसतो. ६०-६५ अंशांना १८ चे साधारण १५-१६ च उरतात. म्हणून सुरुवातीलाच उंची जास्त ठेवलेली असते.

आता दिवसाची जमा. सूर्य बारा तास दिसतो, पण सकाळी-संध्याकाळी ऊन तिरपं आणि कोवळं असतं. दिवसभराचं ऊन भर दुपारच्या कडक उन्हात मोजलं तर आपल्याकडे कोरड्या दिवसांत साधारण ५ तासांएवढं भरतं. ०.५७ × ५ = २.८५ एएच.

पण नाव म्हणजे शाळेची गच्ची नव्हे. नाव नांगराभोवती फिरते, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तिरपं लावता येत नाही, आडवंच ठेवावं लागतं. खारं पाणी उडून मिठाचा थर बसतो. बगळे, कावळे आपली कामगिरी करून जातात. डोलकाठीची आणि दोरांची सावली पडते. भरताना बॅटरीतही थोडं वाया जातं. म्हणून सरळ निम्मं धरायचं : १.४ एएच. ढगाळ, पावसाळी दिवशी ५ च्या जागी २ तासच धरले तर जमा ०.५७ एएच.

वहीचा ताळा

- कोरडा दिवस : जमा १.४, खर्च ०.६५. शिल्लक ०.७५.
- मुसळधार दिवस : जमा ०.५७, खर्च १.०५. तूट साधारण ०.५.

"म्हणजे पावसाळ्यात पॅनेल नापास!" एक मुलगा ओरडला. मी म्हटलं, थांब, घाई करू नकोस. सलग दहा दिवस असा पाऊस झाला तर तूट किती? ५ एएच. १०० तले ५. मग उघडीप मिळाली की रोज ०.७५ प्रमाणे आठवड्याभरात ती तूट भरून निघते.

पुण्याच्या मुलांना हे समजवायला धरणासारखं उदाहरण नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव ही धरणं चार महिन्यांत भरतात आणि आपण वर्षभर पितो. नावेत उलटं आहे : उन्हाळ्यात भर, पावसाळ्यात वापर. बॅटरी हे धरण, पॅनेल हा झरा. झरा लहान असला तरी चालतो, कारण मागं धरण आहे. पण धरण भरलेलं असेल तरच. आधीच रिकाम्या झालेल्या बॅटरीला हे पॅनेल वाचवू शकत नाही. ५० एएच कमी पडलेल्या बॅटरीला रोज ०.७५ नं भरायचं तर ६६-६७ दिवस लागतील आणि तोपर्यंत स्फटिकांनी आपलं काम केलेलं असेल.

म्हणून क्रम असा : आधी चार्जरनं बॅटरी पूर्ण भरा, मग पॅनेल लावा.

आणखी एक गोष्ट या हिशोबातून मुलांनीच शोधली. फ्लोट अडकला आणि पंप चालूच राहिला तर? २ ॲम्पिअर × २४ = ४८ एएच. दोन दिवसांत बॅटरी साफ! तिथं १० वॅटचं काय, ५० वॅटचं पॅनेलही पुरणार नाही. म्हणजे पॅनेल लावलं म्हणून नावेकडे बघायचंच नाही असं चालत नाही. आठवड्यातून एकदा कुणीतरी जाऊन बघायलाच हवं.

रात्री काय होतं? आणि भरून गेल्यावर?

रात्री पॅनेल वीज देत नाही, पण बॅटरीतली वीज उलटी पॅनेलमधून थोडी थोडी वाहू शकते. शिवाय बॅटरी पूर्ण भरल्यावरही पॅनेल ढकलतच राहिलं, तर आतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होतं. पाणी कमी होतं, पट्ट्या उघड्या पडतात. हायड्रोजन बंद जागेत साठला तर ठिणगीनं स्फोटही होऊ शकतो.

या दोन्हींवर उपाय म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर. तो रात्री उलटा रस्ता बंद करतो आणि बॅटरी भरत आली की तोटी बारीक करत साधारण १३.५ ते १३.८ व्होल्टवर धरून ठेवतो. १०० एएचच्या बॅटरीला ०.५७ ॲम्पिअर म्हणजे फार थोडं, तरी कंट्रोलर लावावाच. लहान ७ एएचच्या बॅटरीला तर तो हवाच हवा.

एका घटावरची सावली

हा भाग मुलांना कृतीतून फार छान समजतो. दहा मुलांची रांग करा. एका टोकाला पाण्याची बादली, दुसऱ्या टोकाला रिकामी. मग हातोहात पेले पुढं द्यायला लावा. आता मधल्या एका मुलाला सांगा, तू अगदी हळू दे. सगळी रांग त्याच्याच वेगानं चालायला लागते! बाकीचे नऊ कितीही चपळ असोत, उपयोग शून्य.

एकसरीत जोडलेल्या ३६ घटांचं असंच होतं. एका घटावर सावली पडली की त्याचा प्रवाह घटतो आणि त्या एकामुळे सगळ्या माळेचा घटतो. म्हणून नावेवर पॅनेल कुठं बसवायचं हे पॅनेल केवढं घ्यायचं याइतकंच महत्त्वाचं. डोलकाठीच्या बुंध्याशी लावलेल्या मोठ्या पॅनेलपेक्षा मागच्या मोकळ्या कठड्यावरचं लहान पॅनेल कधीकधी जास्त देऊन जातं.

गच्चीवरचा प्रयोग

विश्रांतवाडीत समुद्र नाही, नाव नाही. पण ऊन आहे आणि गच्ची आहे. आम्ही काय घेतलं : १० वॅटचं पॅनेल, छोटा चार्ज कंट्रोलर, १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन सीलबंद बॅटऱ्या, मल्टिमीटर, वायर, ३ ॲम्पिअरचा फ्यूज.

१. दोन्ही बॅटऱ्या चार्जरनं पूर्ण भरून घ्या. काही तास तशाच ठेवून व्होल्ट मोजा. भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर साधारण १२.६-१२.७ व्होल्ट दाखवते (सीलबंद बॅटरी किंचित जास्त), निम्मी असेल तर १२.१-१२.२ आणि १२ च्या खाली गेली तर धोक्याची घंटा.

२. एका बॅटरीला कंट्रोलरमार्फत पॅनेल जोडा. आधी बॅटरी, मग पॅनेल, हा क्रम पाळा. काढताना उलट. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ धन वायरवर हवा.

३. दुसरी बॅटरी तशीच बाजूला ठेवा. दोघीही एकाच जागी, सावलीत आणि हवेशीर. पॅनेल फक्त उन्हात.

४. दर सोमवारी सकाळी शाळा भरताना दोन्हींचे व्होल्ट मोजा. पॅनेलवाली मोजण्याआधी रविवारी संध्याकाळीच कुणीतरी पॅनेल काढून ठेवायचं, नाहीतर आकडा फुगलेला दिसतो.

५. निदान दोन-तीन महिने नोंद ठेवा आणि आलेख काढा. एका आठवड्यात फरक दिसणार नाही. मुलांना धीर धरायला शिकवणारा हा प्रयोग आहे!

मधल्या दिवसांत पॅनेल सुटं काढून दुपारी नुसतं त्याचं माप घ्या. मोकळ्या टोकांना २० व्होल्टच्या आसपास दिसतील. मग मल्टिमीटर १० ॲम्पिअरवर ठेवून पॅनेलचा प्रवाह मोजा आणि एका घटावर वही ठेवा. आमच्याकडे आकडा झपकन खाली आला तेव्हा मुलांनी जो आरडाओरडा केला, तो खालच्या वर्गातल्या बाईंनाही ऐकू गेला. पॅनेल आडवं ठेवून, दक्षिणेकडे साधारण २० अंश तिरपं करून, धूळ टाकून, पुसून, असं सगळं मोजायला लावा. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावली दिवस येतो, तेव्हा दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. सुट्टी असली तरी उत्साही मुलांना त्या दिवशी आडवं पॅनेल मोजायला जरूर सांगा.

सावधगिरी : असं थेट माप फक्त पॅनेलचं घ्यायचं, बॅटरीचं कधीही नाही. बॅटरीच्या दोन टोकांना धातूचा तुकडा लागला तर लहान बॅटरीतूनही प्रचंड प्रवाह वाहतो, वायर लाल होते. हातातल्या बांगड्या, कडी, अंगठ्या आधी काढून ठेवायच्या. आम्ल ओतायची उघडी बॅटरी मुलांच्या हाती देऊ नका.

हे कुणाच्या कामाचं?

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास परत समुद्राकडे तोंड करतात. त्या दोन महिन्यांत बॅटरी विसरली गेली, तर हंगामाच्या पहिल्याच दिवशी इंजिन उठत नाही आणि नव्या बॅटरीचा खर्च अंगावर येतो. म्हणून जाणते लोक बॅटरी काढून घरी नेतात. कौलावर १० वॅटचं पॅनेल असेल तर तीच बॅटरी नव्या हंगामात दमदार निघते. शेतातला सहा महिने उभा ट्रॅक्टर, गावी ठेवलेली गाडी, सुट्टीत बंद असलेला शाळेचा जनरेटर, सगळ्यांना हाच हिशोब लागू.

मात्र पॅनेलकडून भलती अपेक्षा नको. 'तुरानोर प्लॅनेटसोलर' नावाची बोट २०१२ मध्ये फक्त सूर्याच्या जोरावर पृथ्वीला फेरी मारून आली, पण तिच्या पाठीवर ५०० चौरस मीटरहून जास्त पॅनेल होतं. आपलं पॅनेल एक दशांश चौरस मीटरसुद्धा नाही. ते नाव चालवणार नाही, फ्रिज चालवणार नाही. ते फक्त गळती भरून काढणार.

पण तेवढंही कमी नाही. १७ मार्च १९५८ ला अमेरिकेनं 'व्हॅनगार्ड १' हा पपनसाएवढा उपग्रह सोडला. त्यात दोन रेडिओ होते, एक बॅटरीवर आणि एक चिमुकल्या सौर घटांवर. बॅटरीवरचा जूनमध्येच गप्प झाला. सौर घटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला.

मुलांसाठी गृहपाठ

१. आपल्या नावेवर रात्री १२ तास २ वॅटचा नांगर-दिवा लावायचा आहे. रोजचा खर्च किती वाढेल? पॅनेल किती वॅटचं लागेल? (इशारा : खर्च सुमारे २ एएचनं वाढतो. १० वॅट कोरड्या दिवशीही पुरत नाही, निदान २० तरी हवं. पावसाळ्यासाठी किती, ते वही मांडून तुम्हीच ठरवा.)

२. घरात कुठली वस्तू बंद असतानाही थोडी वीज खाते? यादी करा.

३. घरची दुचाकी किती दिवस उभी असते? आई-बाबांना विचारून तिची बॅटरी किती एएचची आहे ते बघा आणि महिन्याला किती उतरेल ते काढा.

आमच्या त्या मुलीनं तिसरा प्रश्न करून आणला. तिचे बाबा लष्करात, वर्षातले बरेच महिने बाहेर. त्यांची मोटरसायकल घरी उभी असते आणि ते सुट्टीवर आले की पहिला दिवस बॅटरीवाल्याकडे जातो. तिनं हिशोब मांडला आणि आईला खिडकीच्या जाळीला बांधायला १० वॅटचं पॅनेल आणि कंट्रोलर घ्यायला लावलं. खाली पार्किंगपर्यंत वायर कशी न्यायची यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. शेवटी त्यांनी बॅटरीच काढून वर आणून ठेवली.

बाबा यायचे आहेत. गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते का, ते ती वर्गात येऊन सांगणार आहे.